खेळ कशाला म्हणायचं, आणि कोण किती पुढे होतं हे मोजायचं कसं?

१८ ऑगस्ट २०२२. दुसऱ्या दिवशी गोपाळकाला होता. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत जाहीर केलं, की दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळेल आणि सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाचा फायदा गोविंदांनाही घेता येईल. गोविंदा पथकांत आनंद झाला आणि एमपीएससीच्या अभ्यासिकांत संताप. परीक्षा देणाऱ्या मुलांचा सवाल रोखठोक होता: गोविंदा खेळाडू आहे हे ठरवणार कोण, आणि कोणत्या प्रमाणपत्रावर?

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी होती. दिव्या भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली आणि राज्य सरकारने तिला ३ कोटींचं बक्षीस दिलं. कौतुक भरपूर झालं, पण ‘बसल्या जागी खेळायचं ते कसलं क्रीडाकौशल्य’ हा सूरही लागलाच. तो दर वेळी लागतो.

या वादात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. अमुक गोष्ट खेळ आहे का, हा पहिला. त्यात कोण किती श्रेष्ठ, हा दुसरा. कट्ट्यावर आपण सहसा दुसऱ्यापासून सुरुवात करतो आणि रात्र संपते तरी उत्तर मिळत नाही. म्हणून आधी पहिला घेऊ.

## विचारणारा कोण आहे?

खेळाची सर्वांना मान्य अशी एकच व्याख्या नाही. त्यामागे पैशाचं कारण मोठं आहे. खेळ म्हणून मान्यता मिळाली की अनुदान, करसवलत, नोकरीतलं आरक्षण, मैदान असं काहीतरी पदरात पडतं. त्यामुळे देणारा जसा बदलतो तशी व्याख्याही बदलते.

इंग्लंडमधलं ब्रिजचं प्रकरण याचा उत्तम नमुना आहे. तिथल्या २०११ च्या धर्मादाय कायद्यात शारीरिक किंवा बौद्धिक कौशल्याचे, आरोग्याला पोषक असे खेळ बसतात, म्हणजे पत्त्यांच्या ब्रिजलाही दार उघडं. पण खेळांना सार्वजनिक निधी वाटणाऱ्या ‘स्पोर्ट इंग्लंड’ने ब्रिजला खेळ मानायला नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१५ मध्ये कोर्टाने तो नकार योग्य ठरवला. २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने करसवलतीसाठीही नाही म्हटलं. पुढच्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ६० वर्षांचे प्रणब बर्धन आणि ५६ वर्षांचे शिबनाथ सरकार यांनी त्याच ब्रिजमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. डाव तोच, पण धर्मादाय कायद्याला चालतो, अनुदान देणाऱ्याला चालत नाही, करखात्याला चालत नाही आणि आशियाई स्पर्धेला चालतो. यातलं कोणीही चुकलेलं नाही. प्रत्येकाने आपापल्या तिजोरीपुरतं उत्तर दिलं.

तरी काही अटी बहुतेक ठिकाणी सापडतात. आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघांची ‘गायस्फ’ नावाची एक शिखर संस्था होती, आता ती बरखास्त झाली आहे. तिच्या अटी मला त्यातल्या त्यात कामाच्या वाटतात. चुरस हवी. निकाल मुद्दाम नशिबावर सोडलेला नसावा. खेळणाऱ्याच्या जिवाला नाहक धोका नको, कोणत्याही प्राण्याला इजा नको. आणि खेळाचं साहित्य एकाच कंपनीच्या मुठीत नको. घाम यायला हवा, अशी अट यात नाही.

## पण घाम नाही, तर खेळ कसला?

ही हरकत सगळ्यात जुनी, आणि पहिल्याच परीक्षेत नापास होणारी. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं. गुडघा टेकून, पालथं पडून आणि उभं राहून, अशा तिन्ही प्रकारे निशाणा साधायचा. या खेळात सगळी मेहनत शरीर न हलवण्याची असते. श्वास रोखायचा, हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या शांत क्षणी ट्रिगर दाबायचा. हालचालीच्या मापाने मोजलं तर नेमबाजी बाद होईल आणि गरबा खेळ ठरेल.

बुद्धिबळाच्या बाजूने बोलणारेही कधीकधी उगाच घामाच्या मागे लागतात. बुद्धिबळपटू दिवसाला ६,००० कॅलरी जाळतो, हा दावा तुम्ही ऐकला असेल. वाद जिंकण्यासाठी पुढे केलेल्या अशा आकड्यांवर माझा विश्वास नाही, आणि बुद्धिबळाला त्यांची गरजही नाही. शरीराची झीज होतेच. १९८४-८५ चा कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांच्यातला जगज्जेतेपदाचा सामना पाच महिने आणि ४८ डाव चालून निकालाविना थांबवावा लागला, तोवर कार्पोव्ह पार खंगून गेले होते. पण बुद्धिबळ खेळ आहे तो या झिजेमुळे नव्हे. नियम सगळ्यांना सारखे आहेत, नशिबाला जवळजवळ जागा नाही आणि हरणाऱ्याला सबब नाही, म्हणून आहे. भारत सरकारने तर हा वाद केव्हाच मिटवला: खेलरत्न पुरस्काराचे पहिले मानकरी विश्वनाथन आनंद आहेत, आणि मुंबईच्या रोहिणी खाडिलकर यांना १९८० मध्येच अर्जुन पुरस्कार मिळाला होता.

## मग पत्तेही खेळच?

पत्ते वाटले की नशीब आलंच. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा डाव असल्याचं म्हटलं, कारण पानं नशिबाने येतात पण कोणतं ठेवायचं आणि कोणतं टाकायचं हे डोक्याने ठरतं. ब्रिजवाल्यांनी याच्याही पुढे जाऊन एक झकास तोड काढली आहे. स्पर्धेच्या ब्रिजमध्ये तीच पानं एकामागून एक अनेक टेबलांवर खेळली जातात. तुमच्या हाती राजा-राणी आली म्हणून गुण मिळत नाहीत. त्याच पानांवर दुसऱ्या टेबलावरच्या जोडीने काय केलं आणि तुम्ही काय केलं, यातला फरक मोजला जातो. हातात भिकार पानं असतानाही इतरांपेक्षा कमी हरलात, तरी तुम्ही वर.

ही युक्ती लक्षात ठेवा. पुढचा सगळा लेख तिच्यावरच उभा आहे.

## दहीहंडीचं अडतं कुठे?

दहीहंडीत ताकद आहे, तोल आहे, सराव आहे, महिनोन्‌महिने घाम आहे. २०१२ मध्ये ठाण्यात जय जवान पथकाने ९ थर लावले आणि ती ४३.७९ फुटांची नोंद गिनीज बुकात गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातच कोकण नगर पथकाने १० थर लावले. कोणी याला कौशल्य म्हणायला कचरत असेल तर त्याने एकदा चौथ्या थरावर चढून दाखवावं.

अडतं ते नियमांपाशी. स्पेनच्या कातालोनियात असेच मानवी मनोरे रचले जातात. त्यांना ‘कास्टेल’ म्हणतात आणि २०१० मध्ये युनेस्कोने त्यांची वारसा म्हणून नोंद घेतली. तिथे तारागोना शहरात दर दोन वर्षांनी स्पर्धा भरते. प्रत्येक रचनेला, म्हणजे किती थर आणि थरात किती माणसं याला, आधीच ठरवलेले गुण असतात. त्यातली गंमतीची बाब अशी: मनोरा पूर्ण झाला पण उतरताना कोसळला तर गुण कमी. पूर्ण करून सुखरूप उतरलात तरच पूर्ण गुण. या एका नियमाने सगळं चित्र बदलतं. उंचीचा हव्यास आपोआप आवरतो, कारण खाली येणं हाही खेळाचाच भाग होतो. आपल्याकडे थर लावून सलामी दिली आणि नीट उतरले तर टाळ्या मिळतात, पण बक्षिसाची रक्कम, थरांची मोजणी, किती प्रयत्न द्यायचे हे बरंचसं आयोजकाच्या मंडपावर अवलंबून असतं. सुरक्षेचे प्रश्न कोर्टात सुटतात: उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये २० फुटांची आणि १८ वर्षांची मर्यादा घातली, २०१७ मध्ये उंचीची मर्यादा गेली आणि वयाची अट १४ वर आली. खेळाच्या नियमपुस्तकाने करायचं काम न्यायाधीशांना करावं लागलं.

२०२३ पासून प्रो गोविंदा लीग सुरू झाली आहे, तिथे निदान सगळ्यांना एकच मैदान मिळतं. अभ्यासिकेतल्या मुलांच्या प्रश्नाचं उत्तरही याच दिशेला आहे. खेळाडू आरक्षणाला मान्यताप्राप्त स्पर्धेतलं स्थान आणि पडताळणी झालेलं प्रमाणपत्र लागतं. शंभर जणांच्या पथकात तळाच्या थरातला गडी आणि अगदी वरचा एक्का यांच्यात प्रमाणपत्र कोणाच्या नावे निघणार, हे सुटल्याशिवाय त्या घोषणेला फारसा अर्थ नाही. माझं मत विचाराल तर दहीहंडी खेळ होऊ शकते, पण सरकारी घोषणेने नाही. गुणतक्त्याने होईल.

## आता दुसरा प्रश्न: पदकं मोजली की झालं?

मायकल फेल्प्सची ऑलिंपिक पदकं २८, त्यातली सुवर्ण २३. एकट्या बीजिंगमध्ये, २००८ साली, ८ सुवर्ण. रशियाचा पैलवान अलेक्झांडर कारेलिन याची सुवर्ण फक्त ३. पण कारेलिन १९८७ पासून सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत, म्हणजे १३ वर्षं, एकही आंतरराष्ट्रीय कुस्ती हरला नव्हता. शेवटची हरला तीही १-० अशी. जलतरणात एकच माणूस वेगवेगळी अंतरं, वेगवेगळे प्रकार आणि वर रिले पोहू शकतो. पैलवान साधारणपणे एका वजनगटात उतरतो आणि चार वर्षांतून एकदा, जास्तीत जास्त एक पदक घेऊन घरी येतो. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीत मिळालेलं एक कांस्य एखाद्या जलतरणपटूच्या तीन-चार पदकांशेजारी ठेवून मोजणं म्हणजे वेगवेगळी पानं हाती असलेल्यांची तुलना करणं. पदकतक्ता देशांच्या भांडणासाठी ठीक आहे, माणसांच्या तुलनेसाठी नाही.

## टक्क्यांनी मोजलं तर?

डॉन ब्रॅडमनची कसोटी सरासरी ९९.९४. पन्नासहून अधिक कसोटी खेळलेल्यांत पुढचं नाव हर्बर्ट सटक्लिफचं, ६०.७३. म्हणजे ब्रॅडमन दुसऱ्या क्रमांकापेक्षा सुमारे ६५ टक्के पुढे. उसेन बोल्टचा १०० मीटरचा विक्रम ९.५८ सेकंद, त्याच्यामागे टायसन गे आणि योहान ब्लेक ९.६९ वर. हा फरक साधारण एक टक्का. म्हणून बोल्ट ब्रॅडमनच्या पासष्टाव्या हिश्शाएवढा मोठा ठरतो का? अर्थातच नाही. धावण्यात जगातले सगळे उत्तम धावपटू एकमेकांना खेटून असतात, फलंदाजीत ते लांबलांब विखुरलेले असतात. कोण किती पुढे हे सांगायचं तर आधी बाकीचे किती विखुरलेले आहेत ते कळायला हवं.

शाळेचं उदाहरण घ्या. दोन तुकड्या, दोन्हींची सरासरी ६० गुण. अ तुकडीत बहुतेक मुलं ५५ ते ६५ मध्ये, ब तुकडीत ३० पासून ९० पर्यंत पसरलेली. दोन्हीकडे एकेका मुलीला ८० मिळाले. ब तुकडीतली मुलगी हुशार आहे. अ तुकडीतली मात्र वेगळंच काहीतरी आहे, तिच्या आसपासही कोणी नाही. हे पसरलेपण मोजण्याच्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात: सरासरीपासून लोक साधारण किती अंतरावर असतात, तो आकडा. एखादा खेळाडू सरासरीपासून अशी किती प्रमाण विचलनं पुढे आहे हे काढलं की धावा, सेकंद आणि गोल एका पट्टीवर येतात.

ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिस यांनी हेच केलं. त्यांच्या हिशेबात ब्रॅडमन ४.४ प्रमाण विचलनं पुढे, फुटबॉलचा पेले ३.७, गोल्फचा जॅक निकलॉस ३.५, बास्केटबॉलचा मायकल जॉर्डन ३.४. जॉर्डनची कारकिर्दीतली सरासरी सामन्यामागे ३० गुणांची. ब्रॅडमनएवढं पुढे राहायला त्याला ती ४३ वर न्यावी लागली असती. मला हा आकडा ९९.९४ पेक्षा जास्त बोलका वाटतो.

## ‘तेव्हा गोलंदाजीच कच्ची होती’

ही हरकत गंभीर आहे. स्टीफन जे गुल्ड या जीवशास्त्रज्ञाने बेसबॉलबद्दल एक सुरेख मुद्दा मांडला होता. १९४१ मध्ये टेड विल्यम्सने ०.४०६ ची फलंदाजी सरासरी गाठली (म्हणजे शंभर प्रयत्नांत साधारण ४१ यशस्वी फटके), त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगच्या हंगामात कोणालाच ०.४०० जमलं नाही. याचा अर्थ आजचे फलंदाज कच्चे असा नाही. उलट सगळेच सुधारले, तळाचा गोलंदाजही पक्का झाला, त्यामुळे एकट्याने फार पुढे निघून जाणं अवघड झालं. खेळ जसा पिकतो तसे खेळाडू एकमेकांच्या जवळ येतात. म्हणून जुन्या काळातलं मोठं अंतर बघताना थोडा संशय घ्यायलाच हवा.

तो संशय ब्रॅडमनला लावून बघू. १९४७-४८ मध्ये भारताच्या नवख्या गोलंदाजीवर त्याने १७८.७५ च्या सरासरीने ७१५ धावा केल्या. त्या बाजूला ठेवा. त्या काळच्या सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्ध्यावर, इंग्लंडवर, ३७ कसोटींत त्याची सरासरी ८९.७८ भरते. म्हणजे सोपी पानं काढून घेतली तरी अंतर फारसं मिटत नाही. आणि १९३२-३३ मध्ये खास त्याला रोखण्यासाठी इंग्लंडने अंगावर मारा करणारी बॉडीलाइन गोलंदाजी आणली, तेव्हा त्याची सरासरी घसरली ५६.५७ वर. ही त्याची ‘अपयशी’ मालिका. सचिन तेंडुलकरची २०० कसोटींची सरासरी ५३.७८ आहे.

आपल्याकडे या कसोटीला उतरणारा माणूस म्हणजे मुंबईचे विजय मर्चंट. प्रथम श्रेणीत ब्रॅडमनची सरासरी ९५.१४, मर्चंट यांची ७१.६४. अनेक वर्षं ब्रॅडमनखालोखाल त्यांचंच नाव घेतलं गेलं. रणजी करंडकात तर ९८.७५. यावर लगेच शेरा येतो: घरच्या पाटा खेळपट्ट्या. बरं, मग पानं बदलू. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात, परक्या हवेत, त्यांनी ७४.५३ च्या सरासरीने २,३८५ धावा काढल्या. मग कसोटीत ते ४७.७२ वरच का? कारण ते फक्त १० कसोटी खेळले, १९३३ ते १९५१ अशा विखुरलेल्या, मध्ये महायुद्ध. दहा सामन्यांच्या सरासरीवर कोणाचीही उंची ठरवू नये, ना मर्चंटची, ना एखाद्या आजच्या पोराची ज्याने पहिल्या आठ डावांत तीन शतकं ठोकली आहेत.

## आकडा मोठा की अंतर मोठं?

बुद्धिबळात हे आणखी स्पष्ट दिसतं, कारण तिथे मापच प्रतिस्पर्ध्यावरून ठरतं. रेटिंग म्हणजे कोणाशी खेळून किती गुण मिळवले यावरून काढलेला अंक. मॅग्नस कार्लसनचं सर्वोच्च रेटिंग २८८२, मे २०१४ मधलं, आणि तो विक्रम आहे. पण तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर अरोनियन होता २८१५ वर, अंतर ६७. १९७२ मध्ये बॉबी फिशरचं रेटिंग २७८५ आणि दुसऱ्या क्रमांकाचा स्पास्की २६६० वर: अंतर १२५. सोप्या भाषेत सांगायचं तर फिशरने आपल्या सगळ्यात जवळच्या प्रतिस्पर्ध्याकडून शंभरातले साधारण ६७ गुण काढणं अपेक्षित होतं, कार्लसनने ६०. आजच्या कार्लसनला संगणकावर तयार झालेल्या पोरांच्या फौजेशी लढावं लागतं, हेही खरं. कोण मोठा असं विचाराल तर मी फिशरची १९७२ च्या आसपासची दोन वर्षं आणि कार्लसनचं दशक म्हणेन, आणि ही पळवाट आहे असं कोणी म्हटलं तर वाद घालणार नाही.

## १७५-१८ म्हणजे वर्चस्व?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही भारताने जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. महिलांनी दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं. अभिमान वाटतो, पण हा गुणफलक वर्चस्व कमी आणि प्रतिस्पर्ध्यांचा नवखेपणा जास्त सांगतो. ज्यांनी खो-खो नुकताच शिकायला घेतला त्यांच्याशी तुलना करून वाईकर-इंगळेंची खरी उंची कळणार नाही. ती कळते राष्ट्रीय स्पर्धेत, जिथे समोरचा संघही लहानपणापासून खांब आणि पाटी बघत वाढलेला असतो. कबड्डीत आपण हे अनुभवलं आहे. आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण जणू आपल्या नावावरच होतं, २०१८ मध्ये इराणने उपांत्य फेरीत पुरुष संघाला हरवलं आणि कबड्डी त्या दिवशी थोडी मोठी झाली.

## आणि मोबाइल-संगणकावरचे खेळ?

ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, त्यांच्यापासून वेगळं काढून मान्यता दिली. आशियाई स्पर्धेत त्यांना पदकंही आहेत. चुरस आहे, कौशल्य आहे, नशीब मर्यादित आहे. अडचण ‘गायस्फ’च्या शेवटच्या अटीत आहे: खेळ एका कंपनीच्या मालकीचा. क्रिकेटच्या चेंडूचा मालक कोणी एक नाही, पण ‘लीग ऑफ लेजंड्स’चा आहे, आणि ती कंपनी काही आठवड्यांनी कोणतं पात्र किती बलवान हे बदलत राहते. म्हणजे पानं सतत बदलतात, पण एका वेळी सगळ्यांच्या हाती सारखीच. दक्षिण कोरियाचा ‘फेकर’, खरं नाव ली सांग-ह्योक, याने २०१३ मध्ये पहिलं जगज्जेतेपद घेतलं आणि २०२४ मध्ये पाचवं. अकरा वर्षांत तो खेळ ओळखू येऊ नये इतका बदलला, शेकडो प्रतिस्पर्धी आले आणि गेले. फेकरचं अंतर मोजायला ब्रॅडमनसारखी सरासरी उपलब्ध नाही, कारण २०१३ च्या आणि २०२४ च्या आकड्यांना एकच अर्थ उरलेला नाही. तिथे मोजता येते ती टिकण्याची लांबी, आणि त्या मापाने तो कारेलिनच्या रांगेत बसतो.